बँड सुटल्यावरचा पहिला व्हिडिओ इतका रिकामा का दिसतो

आधी प्रश्न काय ते सांगतो. पुण्याच्या एका मुलीने विचारलंय की तिचा आवडता व्हिज्युअल केई बँड (म्हणजे भडक मेकअप, केस आणि कपडे करणारा जपानी रॉक बँड) बंद पडला, त्यातल्या 22 वर्षांच्या गिटारिस्टने तीन महिन्यांच्या आत स्वतःचं पहिलं सोलो गाणं काढलं, सोबत व्हिडिओ. व्हिडिओत तो एकटाच, रिकामी खोली, मेकअप आधीच्या निम्मा, अर्ध्या गाण्यात तर हातात गिटारही नाही. तिच्या मैत्रिणी म्हणतायत लेबलने, म्हणजे गाणं काढणाऱ्या कंपनीने, पैसे वाचवले, घाईत उरकलं. खरंच तसंच असतं का?

मी तोक्योत चौदा वर्षं म्युझिक व्हिडिओच्या युनिटमधे काम करतोय. आधी लायटिंगच्या वायरी उचलल्या, मग कॅमेरा असिस्टंट झालो, आता कॅमेरा आणि एडिट दोन्ही. मूळचा कुडाळचा, राहतो निशी कासाईला. तू म्हणतेस तो व्हिडिओ मी केलेला नाही, पण त्याच जातीचे सात-आठ केलेत, त्यामुळे आतलं थोडं सांगू शकतो. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

घाईचं आधी उरकून टाकतो कारण ते सोपं आहे. तीन महिने म्हणजे घाई अजिबात नाही गं. गिटारिस्ट मियावीचं बघ, त्याचा बँड द्यू ल क्वार्ट्झ सप्टेंबर 2002 मधे बंद झाला आणि ऑक्टोबर संपता संपता त्याचा पहिला सोलो अल्बम बाजारात होता, तेव्हा तो 21 वर्षांचा. अल्बमचं नाव गागाकु, म्हणजे जपानच्या दरबारी संगीताचंच नाव, पण जपानी लिपीत त्यातलं पहिलं अक्षर आणि मियावीच्या नावाचं अक्षर एकच, फक्त उच्चार वेगळा. म्हणजे जुना बँड थंड व्हायच्या आत नाव, अल्बम, सगळं तयार. इथे हीच रीत आहे, कारण बँडच्या शेवटच्या शोला आलेली मुलगी सहा महिन्यांत दुसऱ्या कुणाच्या तरी समोर उभी असते, ती जायच्या आत हातात काहीतरी द्यावं लागतं.

आता रिकामेपणा. हा माझा विषय आहे.

बँडच्या व्हिडिओत कट कुठे मारायचा ते गाणंच सांगतं. गायक ओळ म्हणतो तेव्हा त्याचा चेहरा, रिफ आली की गिटारवाला, बासची सरक आली की बास, ड्रमचा फिल आला की ड्रमर, आणि कोरसला पाचही जण एका फ्रेममधे केस झटकताना. चार मिनिटांच्या गाण्यात माझ्या टाइमलाइनवर दीडशे-दोनशे कट सहज पडतात आणि बघणाऱ्याला जाणवतही नाही, कारण प्रत्येक कटला नवा चेहरा, नवा कपडा, नवा रंग. व्हिज्युअल केईत तर प्रत्येक मेंबरचं रूपच वेगळं ठेवलेलं असतं, एक राजपुत्र, एक बाहुली, एक गुंड, एक कोण ते कुणालाच कळत नाही. ते दिसायला छान म्हणून तर असतंच, पण एडिटरची अर्धी मजुरी तिथेच वाचते.

त्यातले चार काढून टाक. आता तेच दोनशे कट एकाच चेहऱ्याचे करायचे. मी एकदा तसं करून बघितलंय, स्टुडिओत जाऊन पासपोर्टचे फोटो काढून आल्यासारखं दिसत होतं. डावीकडून तो, उजवीकडून तो, वरून तो, परत डावीकडून तो. पहिल्या मिनिटातच जीव कंटाळतो. मग कट कमी करावे लागतात, शॉट लांब ठेवावे लागतात, आणि शॉट लांब झाला की बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावरून निघून आजूबाजूला फिरायला लागते, खोली बघते, भिंत बघते. तुला जो रिकामेपणा दिसला तो बहुतेक तिथून आलाय, त्या खोलीत सामान भरलं असतं तरी आला असता.

मग म्हणशील मागे ड्रमर, बासवाला उभे का नाही करत, रेकॉर्डिंगला तर कुणीतरी वाजवलंच असेल ना. वाजवलंय. त्यांना इथे सपोर्ट मेंबर म्हणतात, दिवसाच्या पैशावर येतात. पण पहिल्याच व्हिडिओत त्यांना दाखवलं की लोक धरून चालतात की हा नवा बँड आहे, मग पुढच्या शोला ड्रमर बदलला तर चर्चा, कोण गेला, भांडण झालं का. सपोर्टमधे जुन्या बँडचाच एखादा असेल तर बघायलाच नको, बाकीच्यांना का नाही घेतलं याच्यावर महिनाभर दळण. शिवाय तो सपोर्टवाला दुसऱ्या एजन्सीचा असेल तर त्याचा चेहरा वापरायची वेगळी परवानगी. त्यामुळे बऱ्याच वेळा डायरेक्टर सरळ सांगतो, मागे कुणी नको.

जुनी उदाहरणं बघितलीस तर प्रत्येकाने या रिकाम्या जागांचं काहीतरी वेगळं केलंय. एक्स जपानचा हिदे घे. ऑगस्ट 1993 मधे एकाच दिवशी दोन सोलो सिंगल काढले त्याने, 28 वर्षांचा होता, आणि तोवर तो बँडचा गिटारवाला, गाणारा तोशी. पुढच्या फेब्रुवारीत आलेल्या अल्बमवर वाजवणारे कोण तर ड्रमर टेरी बोझिओ आणि बासवाला टी. एम. स्टीव्हन्स, म्हणजे अमेरिकेतले तयार गडी, एक्सशी ज्यांचा काडीचा संबंध नाही. म्हणजे तुलनाच संपली. बँडमधे त्याचं नाव इंग्रजी मोठ्या लिपीत छापायचे, सोलोला त्याने तेच नाव छोट्या लिपीत केलं, तेवढ्यावर लोकांना कळलं की हा तोच पण वेगळा. आणि अल्बमच्या नावातच चेहरा लपव असं, कव्हरवर मास्क घालून. पहिल्याच अल्बमवर चेहरा झाकायचा, हे मार्केटिंगवाल्याला कुणी सुचवलं असतं तर त्याने चहा न विचारता बाहेर काढलं असतं.

लूना सीने 1997 वर्षभर बँड थांबवला आणि सगळे आपापल्या वाटेने गेले. गायक कावामुरा र्‍यूइचीने तर व्हिज्युअल केई जवळजवळ उतरवूनच ठेवलं, साधे कपडे, साधे केस, प्रेमाची गाणी, आणि त्या वर्षीच्या त्याच्या अल्बमच्या 27 लाखांहून जास्त प्रती खपल्या. बँडच्या जुन्या फॅन पोरी तेव्हाही चिडल्याच होत्या असं इथले सीनियर सांगतात. म्हणजे मेकअप निम्मा झाला म्हणून ओरडणाऱ्या तुझ्या मैत्रिणी पहिल्या नाहीत.

आणि सगळ्यात मजेशीर माना. मालिस मिझेरचा गिटारिस्ट, बायकी फ्रॉक घालणारा, लोकांसमोर बोलायचाच नाही, शेजारच्याच्या कानात कुजबुजणार आणि तो शेजारचा माइकवर सांगणार. हा माणूस 2002 मधे सोलो प्रोजेक्ट काढतो, म्वा दि म्वा, आणि गायला दुसराच गायक आणतो. बोलणंच नाही तिथे गाणार कसा. सोलो म्हणजे माइक आपल्याच हातात पाहिजे असं काही नसतं, पण 22 वर्षांच्या पोराला हे सांगायला कुणी जात नाही, सगळे म्हणतात तूच गा.

आणि गिटारवाला गायला लागला की खरी गंमत सुरू होते. हे जरा नीट सांगतो, कारण मी समोर उभं राहून बघितलंय.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, फेब्रुवारी महिना, तोक्योशेजारच्या साइतामामधे एक बंद पडलेला कारखाना आहे तो शूटिंगला भाड्याने देतात. मुलगा 21-22 चा, चार वर्षं एका बँडमधे गिटार वाजवलेली, नाव सांगत नाही. आतली थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ, आणि क्लोजअपमधे वाफ दिसू नये म्हणून टेकच्या आधी तोंडात बर्फ धरायचा, त्याने श्वास गार होतो आणि वाफ कमी दिसते. तर तो बिचारा मेकअप करून, बिनबाह्यांच्या एनॅमलच्या (चकचकीत चामड्यासारख्या) कोटात, तोंडात बर्फ. जमिनीवर मधोमध आम्ही टेपची फुली मारलेली, त्याला इथे बामिरी म्हणतात, तिथे उभं राहायचं, फोकस तिथलाच लावलाय. पहिला टेक सुरू झाला, पहिला अंतरा बरा गेला, आणि कोरस यायच्या आत हा माणूस फुलीपासून पाऊणएक मीटर डावीकडे. कट. परत. परत तेच. तिसऱ्यांदा परत तेच. फोकस ओढणारा पोरगा रडकुंडीला आला.

सातव्या-आठव्या टेकला आमच्या म्हाताऱ्या लायटिंगवाल्याच्या लक्षात आलं. स्टेजची प्रेक्षकांकडून बघताना डावी बाजू म्हणजे शिमोते, उजवी कामिते. हा मुलगा चार वर्षं शिमोतेचा गिटारिस्ट होता. मधली जागा गायकाची. कोरस आला की गायक पुढे येणार म्हणून हा आपोआप बाजूला सरकत होता, आणि गायक तर आता तिथे नव्हताच. त्याला सांगितल्यावर तो आधी हसला, मग दहा मिनिटं गाडीत जाऊन बसला.

परत आल्यावर डायरेक्टरने फुली उखडून टाकली, कॅमेरा मागे घेतला, लेन्स रुंद लावली आणि म्हणाला सरकू दे त्याला. फायनलमधे कोरसला तो फ्रेमच्या डाव्या कडेला आहे आणि मधे नुसती कारखान्याची फरशी. त्या व्हिडिओखालीही लोकांनी हेच लिहिलं होतं, बजेट नव्हतं वाटतं. ज्यांनी बँड बघितलेला त्यातल्या काहींना मात्र बरोबर कळलं.

हातांचंही तसंच. वर्षानुवर्षं गळ्यात साडेतीन-चार किलोचं लाकूड अडकवलेलं असतं, ते काढलं की दोन्ही हात लोंबकळतात, कुठे ठेवायचे कळत नाही. गायक जन्मापासून हातवारे करत आलेले असतात, यांना सवयच नाही. म्हणून अर्ध्या गाण्यात गिटार आणि अर्ध्यात नाही अशी तडजोड होते, तू बघितलीस ती. गिटार असते तेव्हाही ती कशालाच जोडलेली नसते हं, गाणं स्पीकरवर लावून नुसतं वाजवल्यासारखं करायचं, त्याला आतेबुरी म्हणतात. पण बोटं मात्र खरी पाहिजेत. बोटांच्या क्लोजअपला तेमोतो म्हणतात आणि ते आम्ही वेगळे, सगळ्यात शेवटी काढतो, कारण ते गाणं गिटारवर बसवायला घेतलेली पोरं घरी तो शॉट थांबवून थांबवून बघतात, चुकीच्या पट्टीवर बोट दिसलं की संपलं.

स्लो मोशनचं सांगतो, त्याच्यात नवखा गायक कसा अडकतो ते लोकांना माहीत नसतं. फायनल व्हिडिओ सेकंदाला 24 फ्रेमचा, आणि स्लो हवाय म्हणून कॅमेरा 60 वर. मग ओठ गाण्याशी जुळायला हवेत तर सेटवर गाणं अडीच पट वेगाने वाजवावं लागतं. चार मिनिटांचं गाणं एक मिनिट 36 सेकंदांत खलास. त्या वेगात चिमणीसारखा किचकिचणारा आपलाच आवाज ऐकत सगळे शब्द म्हणायचे आणि चेहऱ्यावर मात्र दुःख. पडद्यावर केस असे पाण्यात असल्यासारखे हलतात आणि तू म्हणतेस किती शांत दिसतोय. सेटवर तो शांत नसतो, त्याला धाप लागलेली असते.

आता मेकअप. कमी का केला, तर एक कारण कुणी बोलतच नाही. हिदेने 1993 मधे जे केलं ते बघणाऱ्यांच्या घरी 525 ओळींच्या टीव्हीवर गेलं, त्यातल्या दिसणाऱ्या साधारण 480. आता आम्ही 4के मधे काढतो, उंचीला 2160 ओळी. त्या काळच्या टीव्हीवर आणि स्टेजवर जो जाड पांढरा थर सुंदर दिसायचा तोच आता क्लोजअपला लावला तर ओठांच्या कडेला पडलेली भेग दिसते, पापणीचा गोंद दिसतो, गळ्यावर रंग कुठे संपतो ती रेघ दिसते. बँडच्या व्हिडिओत क्लोजअप दीड सेकंदाचा, खपून जातो. सोलोत तोच क्लोजअप आठ-दहा सेकंद. थर पातळ करण्याशिवाय इलाज नसतो. शिवाय चेहरा पांढरा, कपडे काळे, भिंत काळी, म्हणजे एक्सपोजरला चेहरा धरला तर कोट म्हणजे नुसतं भोक, कोट धरला तर चेहरा ट्यूबलाइट. नवीन कॅमेरावाले इथे हमखास मार खातात.

छोट्या बँडमधे पोरं मेकअप स्वतःच करतात. मी लहानपणी दशावतारवाल्यांना देवळामागे पेटीवर आरसा टेकवून स्वतःचा रंग स्वतः लावताना बघितलंय, इथल्या लाइव्ह हाउसच्या (बँड वाजवतात त्या छोट्या हॉलच्या) मागच्या खोलीत तेच दृश्य, फक्त मुरदाडशिंगाच्या जागी फाउंडेशन आणि केसांना केप नावाचा स्प्रे, अख्खी खोली खोकते. हिदे तर सर्टिफिकेटवाला ब्यूटिशियन होता, त्याचा आधीचा बँड फुटला तेव्हा संगीत सोडून तेच काम करायचं त्याने जवळजवळ ठरवलं होतं, मग एक्सचा ड्रमर योशिकीने त्याला बँडमधे ओढलं. सोलोच्या वेळी मात्र बहुतेकदा लेबल पहिल्यांदाच बाहेरचा मेकअपवाला देतं आणि तो त्या पोराचा चेहरा चार वर्षं ओळखत नसतो. निम्मा मेकअप म्हणजे कधीकधी एवढंच, की दुसऱ्याच्या हातचा आहे.

एक माझी चूक सांगतो, जाता जाता. जपानमधे वीज दोन प्रकारची आहे, तोक्योकडे 50 हर्ट्झ, ओसाकाकडे 60. 1890 च्या दशकात तोक्योने जर्मन जनरेटर घेतले, ओसाकाने अमेरिकन, ते आजपर्यंत तसंच. मी कुडाळचा, मग तोक्यो, म्हणजे आयुष्यभर 50 मधेच. अशाच एका सोलो पोराचं ओसाकाच्या एका जुन्या जिन्यात शूटिंग होतं, ट्यूबलाइटचा उजेड त्याला हवाच होता, मी सवयीने शटर 1/100 सेकंदावर ठेवला, 50 हर्ट्झच्या उजेडाला तोच जुळतो, मॉनिटर लहान, लक्षात आलं नाही. तोक्योत परत येऊन मोठ्या स्क्रीनवर लावलं तर सगळ्या शॉटमधे पट्टे वर चढतायत. 1/60 किंवा 1/120 वर ठेवला असता तर काही झालं नसतं. परत जायला पैसे नव्हते. एडिटमधे ते पट्टे आणखी वाढवून मुद्दाम केलंय असं दाखवलं, आणि एकाने मला येऊन विचारलं की हा इफेक्ट कुठल्या प्लगइनचा. मी काही बोललो नाही.

पैशाबद्दल शेवटी बोलतो कारण तुझा मूळ संशय तोच होता. हो, पैसे कमी असतात, पण लेबल कंजूष असतं म्हणूनच असं नाही. बँडमधे स्टुडिओ, गाडी, लाइव्ह हाउसचा तिकिटांचा कोटा, सगळं पाच जणांत वाटलं जातं, तिकिटं खपली नाहीत तर भुर्दंडही पाचांत. सोलोला ते सगळं एकट्यावर आणि वर सपोर्टवाल्यांचे दिवसाचे पैसे. कमाई मुख्यतः शोनंतर विकतात त्या वस्तूंवर, त्यातही चेकी, म्हणजे ते झटपट निघणारे छोटे फोटो. बँडच्या चेकी बंद पाकिटात असतात, कुणाचा निघेल माहीत नाही, मग पोरी चार-पाच पाकिटं घेतात आणि बाहेर उभ्या राहून अदलाबदल करतात, तुझा बासवाला मला दे, माझा ड्रमर तू घे. सोलोत पाकिटात दरवेळी तोच. अदलाबदलीचा धंदाच बसला. मग एकाच माणसाचे कपडे, पोझ, केस बदलून बदलून प्रकार वाढवावे लागतात, आणि कपड्यांचं अर्धं बजेट तिकडे जातं, व्हिडिओकडे येत नाही. व्हिडिओत एकच कोट दिसला ना तुला? बाकीचे चार चेकीत असणार, बघ.

फॅन्सच्या उभं राहण्याचीही अशीच पंचाईत. बँडच्या शोला जिचा आवडता शिमोतेला ती शिमोतेला उभी राहते, गर्दी आपोआप वाटली जाते. सोलोत सगळ्यांनाच मधोमध पहिली ओळ हवी. माझ्या त्या साइतामावाल्या मुलाच्या पहिल्या सोलो शोला मी गेलो होतो, मधे चेंगराचेंगरी, आणि डाव्या बाजूला आठ-दहा जणी आपल्या जुन्याच जागी, हलायला तयार नाहीत. कोरसला तो त्यांच्याकडेच सरकला.

तर तुला करायचं असेल तर एक कर. इथे एकच गाणं टाइप ए, बी, सी असं विकतात, त्यातल्या एकात डीव्हीडी असते आणि तिच्यात बऱ्याच वेळा व्हिडिओसोबत शूटिंगच्या दिवशीचं चित्रणही असतं. ते मिळव आणि जमिनीकडे बघ, टेपची फुली कुठे आहे आणि तो कुठे उभा आहे. फक्त मागवण्याआधी लक्षात ठेव, जपानच्या डीव्हीडीचा रिजन 2 आणि आपल्याकडचा 5, घरातल्या प्लेअरमधे बहुतेक लागणार नाही, लॅपटॉपवर व्हीएलसीत टाकून बघ, तिथे सहसा चालते.